आईच्या फाइलचं कुलूप

आमच्या घरात शुद्धलेखनाची दहशत होती. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण त्यांचं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. ते शर्टाच्या खिशाला अडकवलेलं असायचं. घरी लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले जायचे, मग लग्न कुणाचं आहे ते कळायचं. एकदा कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने 'आज दुध मिळनार नाही' अशी पाटी लावली. दूध नाही याचं बाबांना काही वाटलं नाही. त्यांनी खडू मागून घेतला, 'दु' दीर्घ केला, 'न'चा 'ण' केला आणि रिकामी किटली घेऊन परत निघाले. दूधवाला मागून म्हणाला, "साहेब, पाटी झ्याक केलीसा, पर दूध न्हाईच हाय."

अशा माणसाच्या घरात मी डीटीपीचा धंदा काढला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि सांगलीत गल्लोगल्ली 'लग्नपत्रिका, बायोडाटा, स्मरणिका' अशा पाट्या लागल्या होत्या. आमची बाहेरची खोली म्हणजे माझं ऑफिस. कॉम्प्युटरवर आईने विणलेलं पांढरं झाकण, शेजारी प्रिंटर, आणि खुर्चीमागे बिनपगारी मुद्रितशोधक म्हणून बाबा. ते गिऱ्हाइकांना थांबवून 'चि.सौ.कां.'चा अर्थ विचारायचे. गिऱ्हाइकं घाबरायची, पण माझ्या पत्रिकांत चूक नसते असा लौकिक झाला होता, म्हणून मी गप्प बसायचे.

गप्प बसण्यात आमच्या घरी आईचा नंबर पहिला. ती फार कमी बोलते, अशी तिची गल्लीभर ख्याती. बारसं असो, मुंज असो, सत्कार असो, बाबा उभे राहून बोलायचे आणि आई शेजारी नारळ धरून बसायची. बाबा बोलायचेही छान. पण जेवणाच्या पंगतीला उशीर करण्याइतकं छान बोलू नये, असं माझं तेव्हाही मत होतं.

बाबांच्या साठीचा कार्यक्रम साताऱ्याला काकांच्या घरी करायचं ठरलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांची गच्ची मोठी, शिवाय आई-बाबा दोघांचीही गावं तिकडचीच, त्यामुळे माणसं जमायला सोपं. ते ठरल्यावर एका संध्याकाळी बाबा फिरायला बाहेर पडले आणि आई माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मला यावर लिहायला शिकव."

"काय लिहायचंय?"

"ह्यांच्या साठीला चार शब्द बोलायचेत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आई, आणि चार शब्द, तेही उभं राहून! मी म्हटलं, कागदावर लिही की. तर म्हणाली, "कागद दिसला की ह्यांचं पेन निघतं. आणि कागदावर खाडाखोड दिसते. इथं चुकलेलं पुसलं की दिसत नाही ना?"

दिसत नाही, असं मी सांगितल्यावर ती खुर्चीत बसली.

कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं. माझं मराठी सॉफ्टवेअर टाइपरायटरच्या मांडणीचं होतं आणि ती मांडणी माझ्या बोटांत बसलेली होती, मला बघावं लागायचं नाही. आईसाठी मी चिकट कागदाचे बारीक तुकडे कापले, एकेकावर मराठी अक्षर लिहिलं आणि कळांवर चिकटवलं. मग रोज संध्याकाळी बाबा नदीच्या घाटाकडे फिरायला गेले की आई पदर खोचून बसायची. एक बोट वर, नजर खाली. अक्षर सापडलं की त्यावर असं बोट मारायची, जसा डास मारावा. आठवडाभरात मजकूर वाढत गेला. मी डोकावले की पडद्यावर हात आडवा.

एक दिवस तिने विचारलं, "याला कुलूप असतं का गं?"

असतं म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. मी फाइलला पासवर्ड लावायची जागा उघडून दिली आणि तिला समजावलं, की एक शब्द टाकायचा, तो कुणाला सांगायचा नाही, तो शब्द टाकल्याशिवाय ही फाइल मलासुद्धा उघडता येणार नाही. मी पाठ फिरवली. मागून चार-पाच डास मारल्याचे आवाज आले. आमच्या घरात आईचं एकटीचं असं काही नव्हतं. तिच्या कपाटातसुद्धा अर्धे कोट बाबांचे होते. त्या संध्याकाळी तिने कधी नव्हे ते गुणगुणत पोळ्या लाटल्या.

मग पलूसहून एक गिऱ्हाईक आलं. शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर फ्लॉपीवर घेऊन आलं होतं. मजकुराबरोबर फ्लॉपीवर व्हायरसही होता. दोन दिवसांत माझा कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं. माउस बिघडला तरी तो 'फॉरमॅट मारू' म्हणायचा, या खेपेला निदान कारण तरी होतं. मी सगळं काम फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं, आईची फाइलही घेतली. त्याने सगळं पुसलं, विंडोज नव्याने टाकली, आणि मराठी सॉफ्टवेअर जुनं झालंय म्हणून त्याची नवी आवृत्तीही टाकून दिली.

नव्या आवृत्तीत अक्षरांच्या जागा निराळ्या होत्या. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. बाबा बेहद्द खूश झाले. "वर्णमालेप्रमाणे! याला म्हणतात शिस्त!" शिस्त त्यांची आणि बोटं माझी. 'विवाह' लिहायला जावं तर पडद्यावर भलतंच काही उमटायचं. पण गिऱ्हाइकं खोळंबली होती, तेव्हा मुकाट्याने शिकले. आईसाठी चिकटवलेले अक्षरांचे तुकडे खरवडून टाकून दिले आणि नव्या मांडणीचे चिकटवले. आईला काहीच त्रास झाला नाही. ती आधीही अक्षर शोधत होती, आताही शोधत होती.

साताऱ्याचा कार्यक्रम रविवारी. शुक्रवारी दुपारी आई फाइल छापून घ्यायला बसली आणि थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अगं, उघडत नाही."

पडद्यावर पासवर्डची चौकट होती. आईने पुन्हा टाकला. चौकटीत नुसत्या चांदण्या उमटल्या आणि पासवर्ड चूक आहे असा इंग्रजीतून निरोप आला. पुन्हा टाकला. पुन्हा तोच निरोप.

"विसरली असशील," मी म्हटलं.

"हा विसरायचा शब्द नाही."

"मग मला सांग, मी टाकते."

"तूच म्हणालीस ना कुणाला सांगायचा नाही?"

माझंच शस्त्र माझ्यावर. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पासवर्ड गेला म्हणजे फाइल गेली असं समजा. फॉरमॅट मारून बघायचं का?" मी फोन ठेवला. मग मी अंदाजाने शब्द टाकायला लागले. कुलदेवतेचं नाव. तिच्या माहेरच्या गावाचं. मामाचं. माझं. बाबांचं नाव टाकायच्या आधी जरा थांबले, कारण आईने ते उखाण्याबाहेर कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. टाकलं, तेही नव्हतं. आई शेजारी बसून "अं हं" म्हणत होती. लहान मुलांच्या खेळात करतात तसं तिचं 'गार, गार, अजून गार' चाललं होतं, आणि माझं डोकं मात्र तापत होतं.

"मग पुन्हा लिहून काढ! उद्याचा दिवस आहे."

"पुन्हा नाही यायचं ते," आई म्हणाली. "इतकी वर्षं मनात होतं, एकदा कसंबसं बाहेर आलं. दुसऱ्यांदा लिहायला बसले तर मी चांगलं चांगलं तेवढंच लिहीन."

"मग राहू दे. बाबा बोलतीलच की."

हे मी वैतागून बोलले. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि शेंगा सोलायला बसली. एकेक शेंग अगदी सावकाश. प्रवासासाठी भडंग करायचं होतं म्हणून शेंगा होत्या खऱ्या, पण ते सोलणं काही भडंगासाठी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. या बाईने उभ्या जन्मात एकदा बोलायचं ठरवलं आणि माझ्या घरच्या यंत्राने तिचं बोलणं आत कोंडून ठेवलं.

मी तिला हात धरून परत आणलं. "शेवटचं एकदा टाक. मी बघत नाही, नुसती बसते."

पण बघितलंच. शब्द बघितला नाही, तिचं बोट बघितलं. ते कळांवर घिरट्या घालत अक्षर शोधत होतं. तो चिकट कागद, त्यावरचं माझं अक्षर. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ही अक्षरं मीच तर आठवड्यापूर्वी नव्या जागी चिकटवली होती!

त्या चौकटीत मराठी शिरतच नव्हतं. तिथे कोणती इंग्रजी कळ दाबली एवढंच यंत्राला कळायचं, आणि वर चांदण्या असल्यामुळे काय उमटलं ते आपल्याला दिसायचं नाही. आईने जुन्या तुकड्यांवर बोट ठेवून तिचा शब्द टाकला, तेव्हा खाली काही इंग्रजी अक्षरं पडली. आता ती तोच शब्द नव्या तुकड्यांवरून टाकत होती आणि खाली वेगळीच इंग्रजी अक्षरं पडत होती. शब्द बरोबर, कळा चूक. म्हणजे शब्द जुन्या मांडणीप्रमाणे टाकायचा, की झालं.

मी आनंदाने टाळी वाजवली. मग लक्षात आलं, जुने तुकडे तर मी टाकून दिलेत. जुनी मांडणी माझ्या बोटांत होती, पण नुसत्या बोटांतच. 'व' कुठे होता विचाराल तर मला सांगता यायचं नाही. 'वरात' लिही म्हणाल तर बोटं आपोआप जायची. कागद घेऊन एकेक अक्षर आठवून तक्ता मांडला असता तर तासाभरात जमलंही असतं आणि आईचं गुपित तिच्यापाशीच राहिलं असतं. पण खरं सांगते, एव्हाना मला तो शब्द हवाच होता.

"आई, सांगावाच लागेल. माझ्या बोटांना ऐकू आल्याशिवाय ती चालायची नाहीत."

"हसशील."

"नाही हसत."

बाबा बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. आईने दाराकडे पाहिलं, माझ्या कानाशी वाकली आणि हळूच शब्द सांगितला. मी लगेच टाइप केला. पासवर्ड चूक.

"म्हणजे हाही नाही," मी हताश होऊन म्हटलं.

"काय टाकलंस?"

"तू सांगितलंस तेच. अहो."

"मी अहो म्हणाले?"

"मग काय म्हणालीस?"

आईचा चेहरा असा लाल झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या घरात आवाज चढवायचा मान बाबांचा आणि माझा. पण त्या दुपारी आई कडाडली, "आवं! आवं म्हनले मी! तुलाबी ऐकू येत न्हाई व्हय? आवं!"

"ओ! काय गं?" गॅलरीतून बाबांनी ओ दिली.

आम्ही दोघी गार. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, चपला वाजल्या आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर, हातात पेपर.

"मला हाक मारलीस?"

"न्हाई," आई म्हणाली. "तुमचं काई न्हाई. वाचा पेपर."

एरवी त्या 'न्हाई'वर लाल खूण पडली असती. बाबा आईकडे बघत नुसते उभे राहिले, मग परत गेले. नंतर बराच वेळ पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

मी बाबांचीच लेक. कानांनी 'आवं' ऐकलं होतं आणि बोटांपर्यंत पोचेतो त्याचं शुद्ध करून टाकलं होतं. या वेळी जसं ऐकलं तसं टाइप केलं. फाइल उघडली. आईने लगेच पडद्यावर हात आडवा धरला, पण दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली.

प्रिंटर कुरकुरत पानं बाहेर टाकत होता, आई ती पालथी करून ठेवत होती. मी विचारलं, हा शब्द कुठून काढलास? कारण मला कळायला लागल्यापासून ती बाबांना 'अहो'च म्हणत आली होती.

"लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा आवंच म्हणायची," ती म्हणाली. "आमच्याकडं सगळ्या बायका तसंच म्हणतात. हे ऑफिसला निघाले होते, खाली नळावर क्वार्टरमधल्या बायका होत्या. मी जिन्यावरून ओरडले, आवं, डबा ऱ्हायला! त्या हसल्या. संध्याकाळी ह्यांनी मला समजावलं. रागावून नाही हं. इथं अहो म्हणायचं, म्हणाले."

"आणि तू म्हणायला लागलीस?"

"न म्हणून काय करते?" असं म्हणून तिने पानं सारखी केली आणि पिशवीत साडीच्या घडीखाली घातली.

साताऱ्याला काकांच्या गच्चीवर मांडव घातला होता. समोर किल्ला, खाली आचाऱ्याची भांडी, आणि दोन्ही गावांकडची माणसं सतरंज्यांवर दाटीवाटीने बसलेली. बाबांना ओवाळलं, शाली झाल्या, पेढे झाले. एक-दोघांची भाषणं झाली. बाबा घसा साफ करून तयार बसले होते. काका उठून म्हणाले, "आता उत्सवमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

"त्यांच्या आधी मी," आई म्हणाली.

काकांनी माइक तिच्या हातात दिला, त्यांना दुसरं काही सुचलंच नसावं. आईने पिशवीतून पानं काढली. कागद दिसताच बाबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, अगदी सवयीने.

"आवं," आईने वाचायला सुरुवात केली.

मागे बसलेल्या तिच्या माहेरच्या बायका हसल्या. ते हसणं नळावरच्या बायकांसारखं नसावं, कारण आई त्यांच्याकडे बघून हसली आणि तिचा आवाज मोकळा झाला.

"आवं, तुमाला साठ वर्सं झाली. त्यातली निम्म्याच्या वर माझ्या वाटणीला आली. तुमी मला काई कमी केलं न्हाई. लेकीला शिकवलं, माझ्या आईच्या दुखण्यात तिच्या उशाशी बसला. हे समद्यांस्नी ठावं हाय. एक गोष्ट कुनाला ठावं न्हाई, ती सांगते. तुमी मला म्हनला, आवं म्हनायचं न्हाई. मी सोडलं. मग आनिक एक शब्द सुधारला. मग आनिक एक. तुमी मायेनंच केलं. पर मी भ्याले. धा शब्द बोलायची तिथं दोन बोलाय लागले. दोनात चुका कमी व्हत्यात. लोक म्हनत्यात, वहिनी लय कमी बोलत्यात. माझ्या माहेरी इचारा. माझी आई म्हनायची, हिच्या तोंडाचा पट्टा झोपेतच तेवढा थांबतो."

मागून कुणी म्हातारी म्हणाली, "खरं हाय बाई." गच्ची हसली. आई थांबली नाही.

"तुमाला सांगायचं लय साठलंय. हापिसातनं यायचा, दमलेला असायचा, म्हनून ठेवत गेले. आता तुमी घरीच असता. रोज थोडं थोडं सांगनार हाय. चुकलं तर चुकू द्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. इतकी वर्षं मी या बाईच्या हातचं खात होते आणि तिला अबोल समजत होते. बाबांचा हात पेनावरून केव्हाच खाली आला होता. ते सतरंजीकडे बघत होते. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांना कळला की नाही कोण जाणे.

आई एकदम भानावर आल्यासारखी थांबली. हातातली पानं तिने पाहिली, समोरच्या माणसांकडे पाहिलं, आणि माइक खाली घेऊन बाबांना विचारलं, "आनिक दोन पानं हायत. वाचू, का बास झालं?"

बाबांनी मान वर केली.

"वाच की गं," ते म्हणाले. "मला कुठं जायाचं हाय?"

असलं बोलणं मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. आईने पुढचं पान वर घेतलं आणि वाचायला लागली.